उतरलेली लस

"पार्वती, तू आत येऊ नकोस. तिथंच थांब."

शिंदे सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. पारूचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. हातात पिशवी, पिशवीत चादर आणि मशीनवरून उतरल्यावर खायचा डबा. ती हसली. आमच्या सकाळच्या पाळीत सिस्टरांची सगळ्यात जास्त फिरकी घेणारी तीच, त्यामुळं आज सिस्टरच आपली फिरकी घेतायत असं तिला वाटलं असणार.

"का वो? लादी वली हाय व्हय?"

"डॉक्टर येतायत. थांब म्हटलं ना."

मी तेव्हा मशीनला जोडलेली होते. ज्यांनी डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हातात दोन जाड सुया असतात. एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं, दुसरीतून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही, खाटेवरून उठायचं नाही. आणि मी तर खेळाची शिक्षिका. इचलकरंजीच्या शाळेत पोरींना खो-खो शिकवण्यात माझी उमर गेली. मैदानाच्या ह्या टोकाहून हाक मारली की त्या टोकाची पोरगी जागच्या जागी थिजायची. किडन्या गेल्या आणि अशा बाईला आठवड्यातून तीनदा खाटेला बांधून घ्यायची वेळ आली. पण त्या सोमवारइतका त्या बांधलेपणाचा संताप मला कधी आला नव्हता, आणि नंतरही कधी आला नाही.

डॉक्टर कोथावळे आले. आमचं सेंटर एका ट्रस्टचं होतं, आणि कोथावळे त्याचे प्रमुख. पांढरा शुभ्र कोट, मधाळ आवाज. पारूच्या मागं तिचा नवरा सदा, मोटारसायकलची चावी बोटात फिरवत उभा होता. तो दर वेळी तिला सोडून मागाच्या पाळीवर जायचा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं नाही, केबिनमध्ये बोलावलं नाही. सहा खाटांवरचे आम्ही सगळे ऐकत असताना दारातच बोलले.

"तुझ्या रक्तात कावीळ निघालीय. बी प्रकारची. आमच्याकडं अशा पेशंटसाठी वेगळं मशीन नाही. तुला मिरजेला जावं लागेल."

"कावीळ? माजं डोळं तर पांढरं हायती, डॉक्टर."

"ही डोळ्यांत दिसत नाही. ही रक्तातनं लागते." मग त्यांनी सदाकडं पाहिलं, आणि परत तिच्याकडं. "नाहीतर संबंधातनं. घरी दुसऱ्या कुणाला आहे का? नाही? मग तुझं तुलाच ठाऊक, कुठनं आणलीस ते."

सदाच्या बोटातली चावी थांबली.

पारूला आधी ते कळलंच नाही. ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, तेव्हा कळलं.

"डॉक्टर!" मी खाटेवरून ओरडले. "काय बोलताय तुम्ही? तिची लस उतरली असेल! मी तुम्हाला सांगितलं होतं! माझी उतरलीय, तिचीही उतरली असेल!"

मी उठून बसायला गेले तशी हातातली सुई सरकली आणि मशीन ठणाणा करायला लागलं. सिस्टर धावत माझ्याकडं आल्या. मला खाली दाबून, सुई सारखी करून, मशीनचा आवाज बंद करेपर्यंत दारात कुणीच उरलं नव्हतं. खाली मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. शेजारच्या खाटेवरचे आवटे काका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, खिडकीला लागून होते. ते बाहेर बघत म्हणाले, "बाई, त्यो एकटाच गेला वो. ती चालत निघालीया."

आणि मी उरलेले तीन तास तिथं पडून राहिले. माझंच रक्त माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं.

मी काय सांगितलं होतं, ते आता सांगते.

माझा धाकटा भाऊ मला किडनी द्यायला तयार झाला होता, म्हणून महिन्याभरापूर्वी मी कोल्हापूरच्या डॉक्टर नाझनीन शिकलगार यांच्याकडं तपासणीला गेले होते. किडनीच्याच तज्ज्ञ. बोलणं तुटक, पण एक प्रश्न विचारला तर उत्तर पूर्ण देणार. त्यांनी माझ्या रक्ताच्या ढीगभर तपासण्या केल्या आणि विचारलं,

"कावीळ-बीची लस घेतली होती ना?"

"घेतली की. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच. चारही डोस, दुप्पट मात्रेचे."

"त्यानंतर कुणी तपासलं, ती अंगात आहे का ते?"

"लस तपासतात?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मगदूम बाई, धडधाकट माणसाला ही लस बहुतेक जन्मभर साथ देते. रक्तातला अंश कमी झाला तरी शरीर ओळख विसरत नाही. किडनी गेलेल्या माणसाचं तसं नाही. त्याला आधी लस नीट लागत नाही. लागली तर लवकर उतरते. कुणाची वर्षात, कुणाची दोन-तीन वर्षांत. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाचं रक्त दरवर्षी तपासायचं, आणि उतरलेली दिसली की पुन्हा टोचायची. एवढं साधं आहे."

"आणि माझी?"

"तुमची पार उतरलीय. आजच एक डोस देते. तुमच्या सेंटरमधल्या बाकीच्यांचंही बघायला सांगा. तिथं मशीन एक आणि माणसं अनेक. एकाला असलं तर दुसऱ्याला व्हायला फार लागत नाही."

मी येऊन कोथावळ्यांना हे शब्दाला शब्द सांगितलं. ते हसले. "मॅडम, लस एकदा घेतली की झालं. माझ्या मुलांना पाळण्यात असताना दिली, आता कॉलेजात आहेत. पुन्हा टोचली का मी? कोल्हापूरचे डॉक्टर तपासण्या लिहून देतात, आपण कशाला घाबरायचं?" वर म्हणाले, "बाकीच्या पेशंटपुढं हे बोलू नका हं. गरीब माणसं आहेत, धसका घेतील."

तरी मी बोलले. पाळीतल्या प्रत्येकाला सांगितलं. पारू म्हणाली होती, "बाई, डॉक्टर न्हाई म्हनत्यात तर कशाला? आदीच चाळण झालीया हाताची." आणि खदाखदा हसली होती.

मंगळवारी सकाळी मी तिच्या घरी गेले.

तिची गल्ली मागांची. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, आत यंत्रमागांचा खडखडाट, आणि मधेमधे दीड-दोन खोल्यांची घरं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच शेडमध्ये मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, हातात डायलिसिसची सुई आल्यावर ते सुटलं. दारात गेले तर ती बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली. शेजारी वळकटी. एक ताटली, एक तांब्या आणि एक पेला बाजूला पालथा घातलेला. मला सांगायची गरज नव्हती.

"आत ये म्हनू शकत न्हाई, बाई," ती म्हणाली. "मलाच आत येऊ देत न्हाईत."

चेहरा सुजला होता. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. सोमवारचं डायलिसिस चुकलेलं, म्हणजे अंगात पाणी साठायला लागलेलं.

"मिरजेला गेलीस का?"

"कोन नेनार? मिरजंवाल्यांनी फोन केलता, पुढच्या आटवड्याची तारीख दिलीया."

"पुढच्या आठवड्यापर्यंत काय करणार आहेस तू?"

आतून तिची सासू बाहेर आली. बाई वाईट नव्हती; तीन वर्षं सुनेचं पथ्याचं जेवण तिनंच रांधलं होतं. पण आता तोंड फिरवून उभी राहिली. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमीच सांगा. डॉक्टर का खोटं बोलंल?"

"डॉक्टरला ठाऊक नाही, म्हणून बोलला."

"डॉक्टरला ठावं न्हाई आन् तुमाला हाय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण तिच्याकडं ते ऐकायला कान नव्हते. ती आत गेली. पारूनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"मरायचं तर मी तवाच ठरवून ठेवलंया, बाई, पयल्यांदा मशीन बघितलं तवाच. त्याचं न्हाई मला काय. पर आसं? ह्ये नाव लावून? गल्लीतल्या बाया पान्याला जाताना थांबून बघत्यात मला."

मी तिला रिक्षात घातलं आणि कोल्हापूरला डॉक्टर शिकलगारांकडं घेऊन गेले. त्यांनी वेगळ्या मशीनवर जागा काढून तिला दुपारीच बसवलं. "आणीबाणी म्हणून दोन तास केलं, उरलेलं उद्या करू," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडं रोजची जागा नाही. हिला स्वतःच्या गावात मशीन मिळालं पाहिजे." जाताना मला थांबवून म्हणाल्या, "हिचं रक्त बघितलं मी. लसीचा अंशसुद्धा उरलेला नाही. तुमचे कोथावळे वर्षाला एकदा बघते तर ही आज इथं नसती."

परत सोडताना पारू कट्ट्यावरच उतरली.

त्याच संध्याकाळी कोथावळ्यांच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले.

"तिला परत घ्या. वेगळं मशीन लावा. आणि सगळ्यांची लस तपासा."

"बसा, मॅडम. पाणी घेता? अरे हो, तुम्हाला पाणी मोजूनच." ते हसले. "बघा, वेगळं मशीन म्हणजे वेगळी खोली, वेगळी सिस्टर. ट्रस्टपुढं विषय मांडावा लागेल. होईल, सावकाश होईल."

"तिला सावकाश जगता येत नाही."

"तुमचं लक्ष आहे सगळ्यांकडं, हे चांगलंय. पण एक सांगू? रागावू नका. युरिया वाढला की माणूस चिडचिडा होतो. डोक्यात काहीबाही येतं. त्यात तुमचा दोष नाही."

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलला नाही, हे मी माझ्यावर उपकार केले.

"तुम्ही तिच्या नवऱ्यासमोर तिची अब्रू काढली," मी म्हणाले.

"मी विचारलं फक्त. विचारावं लागतं. बाहेरून लागण कशी झाली ते शोधायला नको?"

"बाहेरून कशावरून?"

मधाळ आवाज क्षणभर अडला. मग ते उभे राहिले, कोटाची गुंडी लावली. "माझी राउंड आहे."

त्या अडण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी घरी जाऊन पाळीतल्या सगळ्यांना फोन लावले. एकच सांगितलं: उद्या सकाळी या, पण मशीनवर चढू नका. पायऱ्यांवर बसायचं.

हे बोलायला सोपं आहे. डायलिसिसवरच्या माणसानं मशीनवर चढणार नाही म्हणणं म्हणजे बुडणाऱ्यानं दोर धरणार नाही म्हणण्यासारखं. पाणी फुप्फुसात चढतं, रक्तातला क्षार वाढला तर हृदय बंद पडतं. आम्हाला सगळ्यांना हे पाठ होतं. फळांचे व्यापारी इमाम बागवान फोनवर म्हणाले, "मॅडम, माझ्या धाकट्या पोरीचं लगीन ठरलंय. मला तेवढं बघू द्या की." मी म्हणाले, "तुमची मर्जी, भाई. मी रागावणार नाही." खोटं बोलले. रागावले होते, त्याक्षणी सगळ्या जगावर रागावले होते.

आवटे काका मात्र म्हणाले, "बसू की. मी आयुष्यभर गाडी येळंवर सोडली. एक दिस रोको करू."

बुधवारी सकाळी आम्ही पायऱ्यांवर बसलो. सिस्टर आल्या, विनवण्या केल्या, आत गेल्या. बागवान भाई रिक्षातून उतरले, कुणाकडं न बघता आमच्यामधून वाट काढत वर गेले. थोड्या वेळानं ते परत खाली आले आणि खालच्या पायरीवर रुमाल अंथरून बसले.

"काय झालं, भाई?"

"आत सहा मशीनी आणि मी एकटा. सिस्टरनं सुई काढली. म्हटलं, ठेव. टोचून घ्यायला मन होईना."

ऊन वर चढलं. कोथावळे दोनदा खिडकीत दिसले, खाली आले नाहीत. आम्हाला वाटलं होतं घाबरतील. त्यांना वाटलं होतं आम्ही घाबरू. दोघांपैकी आमचीच बाजू फुगत चालली होती. आवटे काका रविवारी नातवाच्या बारशाला पोटभर आमटी प्याले होते, आणि सोमवारी त्यांचं सगळं पाणी निघालंच नव्हतं. दुपार व्हायला आली तसा त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. हुक्क्यासारखा, गुडगुडता.

"काका, तुम्ही वर जा," मी म्हणाले.

"न्हाई."

"काका, हट्ट करू नका. तुमच्या छातीत पाणी आलंय."

"बाई, त्या पोरीनं माज्या पायाला मुंग्या आल्या की आपली खाट सोडून येऊन पाय चोळून दिल्यात, मशीनवरनं उतरल्या उतरल्या. मला पोटची पोरगी न्हाई." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "तुमी बोला त्येच्याशी. मी बसतो."

कोथावळे शेवटी खाली आले ते काकांचा चेहरा बघून. ओठ निळसर झाले होते.

"ह्या माणसाला काही झालं तर जबाबदार तुम्ही, मॅडम! तुम्ही ह्यांना भडकवलंय!"

"जबाबदार कोण ते आपण आजच ठरवू," मी उभी राहत म्हणाले. मैदानावरचा आवाज माझ्या घशात कुठं दडून बसला होता कोण जाणे, तो आला. समोरच्या चहावाल्यानं वळून बघितलं. "सगळ्यांची लस तपासणार का नाही?"

"तपासतो! तपासतो म्हणालो!"

"वेगळं मशीन?"

"ट्रस्टला आत्ता फोन करतो. आत ने रे यांना, स्ट्रेचर आण!"

"अजून एक राहिलं. आज, आत्ता, तुम्ही पारूच्या गल्लीत यायचं. तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर, सगळ्या गल्लीसमोर सांगायचं की ही लागण तिनं आणलेली नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मी डॉक्टर आहे. मी गल्लीबोळात जाऊन..."

"तिची अब्रू तुम्ही चारचौघांत काढली. चारचौघांतच परत द्यायची."

"हे शक्य नाही."

स्ट्रेचर आलं. आवटे काकांनी दोन्ही हातांनी पायरीची कड धरली. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवली. वॉर्डबॉयनं त्यांचे हात सोडवायला बघितलं, सुटेनात. एसटीचं स्टिअरिंग फिरवलेले हात ते. बागवान भाई उठले आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांनीही कड धरली.

"येतो," कोथावळे म्हणाले. "येतो मी. सोडा त्यांना."

काकांनी हात सोडले. ते त्या दिवशी वाचले; त्यानंतरही पुष्कळ जगले. मी मशीनवर चढले नाही. आधी चढले असते तर चार तासांत कोथावळ्यांनी शब्द फिरवला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्याच गाडीतून आम्ही गल्लीत गेलो. पारू कट्ट्यावर होती. सदा दुपारच्या सुट्टीत घरी आलेला. पांढरा कोट बघून सासू बाहेर आली, शेजारच्या बाया आल्या. कोथावळे घसा साफ करून पुटपुटले, "हे बघा, पार्वतीच्या बाबतीत थोडा गैरसमज... असं कुठूनही होऊ शकतं..." माग खडखडत होते. दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

मी शेजारच्या शेडच्या दारात जाऊन ओरडले, "माग बंद करा!"

मुकादम बाहेर आला. "काय झालं, बाई?" त्याची पोरगी माझ्या हाताखाली खो-खो खेळलेली. त्यानं आणखी काही विचारलं नाही. आत जाऊन मेन स्विच खेचला. समोरच्या शेडवाल्यानंही खेचला. त्या गल्लीत दिवसाउजेडी शांतता कुणी ऐकली नसेल. कामगार बनियनवर दाराशी येऊन उभे राहिले.

"आता बोला," मी म्हणाले.

कोथावळ्यांना घाम फुटला होता. "पार्वतीची... काही चूक नाही. किडनीच्या पेशंटमध्ये लसीचा असर लवकर उतरतो. आम्ही दरवर्षी तपासायला पाहिजे होतं. तपासलं नाही. लागण... लागण सेंटरमध्ये झाली असण्याची शक्यता जास्त आहे."

"असण्याची शक्यता?" मी म्हणाले.

तेवढ्यात पारू उठली. सुजलेल्या पायांनी कट्ट्याला धरून उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"डॉक्टर, मला ज्याच्याकडनं लागली, त्यो मानूस कोन हाय, तुमाला ठावं हाय का?"

ते गाडीकडं बघायला लागले.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तोंडावर दिसतंया तुमच्या."

"दुपारच्या पाळीत एक आजोबा होते," कोथावळे जमिनीकडं बघत म्हणाले. "ते तुझ्याच मशीनवर... तुझ्यानंतर बसायचे. त्यांना निघाली होती. त्यांना आम्ही दुसरीकडं पाठवलं."

"कवा?"

"आधी."

"कवा आधी?"

"तुझा रिपोर्ट यायच्या आधीच्या आठवड्यात."

मला ऐकू आलं ते नीट समजायला वेळ लागला. म्हणजे त्या सोमवारी, दारात उभं राहून 'तुझं तुलाच ठाऊक' म्हणताना, ह्या माणसाला ठाऊक होतं. कुठनं आली, कुठल्या मशीनवरनं आली, सगळं ठाऊक होतं. अडाणीपणा नव्हता तो. सेंटरचं नाव राखायला त्यानं एका पोरीचं नाव मातीत घातलं होतं. केबिनमध्ये आवाज अडला होता तो एवढ्यासाठी. मी इतके दिवस त्याला मूर्ख समजून रागावत होते. माझा राग कमीच पडला होता.

मी पुढं झाले, पण पारूनं हातानं मला थांबवलं.

"आता नाव घिऊन म्हना. सगळ्यास्नी ऐकू जाऊ द्या."

"पार्वतीताई," कोथावळे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला ताई म्हटलं. "तुम्हाला ही लागण आमच्या सेंटरमध्ये झाली. तुमचा काही दोष नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो."

कामगारांपैकी कुणीतरी शिवी हासडली. सासूनं पदर तोंडाला लावला. मग ती वाकली, कट्ट्यावरची ताटली, तांब्या, पेला उचलला आणि घरात न्यायला लागली.

"ऱ्हाऊ द्या, आत्ती," पारू म्हणाली. "तितंच ऱ्हाऊ द्या."

सदा पुढं आला. डोळे भरलेले. "पारू, मला काय ठावं गं? डॉक्टरच तसं म्हनला..."

"तुला ठावं नव्हतं, ह्ये खरं हाय," ती म्हणाली. "पर तू इचारलं बी न्हाईस. एक डाव तरी मला इचारायचं हुतंस. मी देव्हाऱ्यातल्या पोथीवर हात ठिवून सांगितलं आसतं, पोरंबाळं न्हाईत म्हनून तुज्या गळ्याची आन घिऊन सांगितलं आसतं. तू गाडी घिऊन गेलास. मी चालत आले, सुजल्या पायानं."

"चुकलं माजं. चल आत."

"न्हाई."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. वळकटीतली शाल काढली, खांद्यावर घेतली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. सगळ्यांची तपासणी झाली. निम्म्याहून जास्त जणांच्या अंगात लस उरलेली नव्हती. पुन्हा सुया टोचल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी तपासतात. वेगळ्या खोलीत वेगळं मशीन आलं. त्याच्या उद्घाटनाला कोथावळ्यांनी भाषण केलं की आपलं सेंटर रुग्णांच्या सुरक्षिततेबाबत नेहमीच जागरूक राहिलं आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते त्याच खुर्चीवर राहिले, निवृत्त होईपर्यंत. मला भावाची किडनी बसली. पारू माझ्या वरच्या खोलीत राहायला आली, रेंदाळच्या माहेराहून तिची आई सोबतीला आली. सदा दोनदा न्यायला आला, ती दोनदा नाही म्हणाली. सात वर्षं ती त्या वेगळ्या मशीनवर बसली आणि सिस्टरांची फिरकी घेत राहिली. गेली ती हृदयानं, झोपेत.

मला अजून राग येतो. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, सोडून द्या. मी सोडत नाही.

पण त्या दुपारी, शाल घेऊन पारू कट्ट्यावरून उतरली आणि सावकाश चालत कोथावळ्यांच्या गाडीपाशी गेली. त्यांनी लगबगीनं मागचं दार उघडलं. तिनं ते लोटलं आणि पुढचं उघडून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली. मी मागं बसले.

"कुठं?" कोथावळ्यांनी विचारलं.

"कोल्हापूरला. शिकलगार बाईंकडं. माजं आजचं डायलिसिस ऱ्हायलंया."

त्यांनी गाडी सुरू केली, काचा वर घ्यायला गेले.

"काच खाली ऱ्हाऊ द्या," पारू म्हणाली. गल्ली दोन्ही बाजूंनी उभी होती, बाया, कामगार, सगळे. तिनं कोपर खिडकीवर टेकवलं आणि समोर बघत म्हणाली, "आन् गल्ली संपंस्तोवर हळू चालवा."